होडीक ब्रेक नसता

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आलं की होडीचा तांडेल आधी वजनं बघतो, मग पैशाचं बोलतो. पुण्याहून आलेल्या गृहस्थांचा प्रश्न ठरलेला असतो, "किती स्पीडने जाते हो?" त्याला तो उत्तर देत नाही. त्याची नजर वहिनींवर असते.

विषय नाजूक. सगळी भारी मंडळी मागे, इंजिनाजवळ बसली, तर गॅस वाढवताच होडीचं नाक आभाळाकडे जातं आणि तांडेलाला समोर फक्त ढग दिसतात. पण हे तोंडावर कसं सांगणार? "वयनी, तुमी फुडे येवा, थयसून डॉल्फिन बरे दिसतत." वहिनी खूश, होडी समतोल. एवढा मुत्सद्दीपणा आमच्या ग्रामपंचायतीतही नाही.

चिरंजीवांना लाइफ जॅकेट नको असतं, फोटो बिघडतो. "फोटो भिंतीर लावचो तो हार घालून की बिनहाराचो, ता तुमी ठरवा." जॅकेट अंगात चढतं. तांडेलाच्या मनगटातली लाल दोरी मात्र सगळ्यांना देवाचा गंडा वाटते. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या स्विचला असतं. तो पाण्यात पडला तर इंजिन बंद पडतं. नाहीतर मोकाट होडी गोल फिरून, पंख्यासकट, मालकाच्याच अंगावर येते. ही दोरी हँडलला नुसती लटकवणारे शूर वीरही असतात. त्यांच्या होडीत बसू नये.

मोकळ्या पाण्यात गॅस पिळून होडी पळवणं कुणालाही जमतं. कस लागतो धक्क्याला. जोरात येऊन गॅस एकदम सोडला, तर आपणच उठवलेली लाट मागून आत चढते. फारच हळू आलं, तर पंख्याचा रेटा कमी, मग होडी हँडलचं ऐकेनाशी होते आणि वारा, ओहोटी नेतील तिकडे जाते. म्हणून तांडेल ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे तोंड करून, चालत्या माणसाच्या वेगाने येतो, न्यूट्रल करतो आणि शेवटी रिव्हर्सचा एक झटका देतो.

गृहस्थांना तेवढा धीर कुठला! "अहो, ब्रेक मारा, ब्रेक!"

"होडीक ब्रेक नसता, सायबानू. म्हणान हळू."

डॉल्फिन दिसतीलच असं नाही. पण वहिनींना पुढे का बसवलं, हे तेवढं घरी गेल्यावरही सांगू नका.