क्रोटनचा उपयोग काय?

मराठी घरात झाड आलं की आधी त्याची मुलाखत होते. तुळशीला प्रश्न विचारण्याची कुणाची छाती नाही. ती पूजेपासून सर्दीपर्यंत सगळी खाती सांभाळते. कढीपत्ता फोडणीच्या जोरावर आत येतो, जास्वंद गणपतीच्या शिफारशीवर, गवती चहा पावसाळ्याच्या वशिल्यावर. कोरफडीला भाजण्या-कापण्याचा अनुभव आहे. मनीप्लांटला तर नुसत्या तोंडी आश्वासनावर ठेवून घेतात. त्याने पैसा आणल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही, पण आश्वासनावर माणसं निवडून येतात, तिथे वेलीलाच कशाला अडवा?

अशा घरात मी क्रोटन आणला.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडायला फार मनोनिग्रह लागतो. त्या दिवसांत माझ्याकडे ‘पेट्रा’ जातीचा क्रोटन आला. जाड, चकचकीत पानं. हिरव्यावर पिवळ्या शिरा, कडेला नारिंगी, जुन्या पानांवर चढलेला तांबडा. एका फांदीवरची दोन पानंसुद्धा एकमेकांशी सहमत नव्हती. नर्सरीवाल्याने सांगितलं, “साहेब, ह्याला छाटत राहा, बुटका आणि भरगच्च राहील.”

घरी राजापूरची आत्या मुक्कामाला होती. मुलाखत तिनेच घेतली.

“फुलं येतात का रे?”

“येतात. बारीक, पांढरट. कुणाच्या लक्षातही येत नाहीत.”

“वास?”

“नाही.”

“पानं कशात घालतात?”

“कशातच नाही. चीक अंगाला लागला तर खाज सुटते.”

“मग करतं काय हे?”

“दिसतं.”

आत्याने आधी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दिसायला आम्ही पण दिसतो. पण भाजी चिरता चिरता दिसतो.”

क्रोटनच्या बाजूने बोलायचं तर त्याचा अनुभव मोठा आहे. सरकारी कचेरी, दवाखाना, मंगल कार्यालय, बँक, कुठेही जा. गेरूने रंगवलेल्या कुंडीत तो दाराशी उभा. जितकी उद्घाटनं त्याने पाहिली असतील, तितकी फीत कापणाऱ्यांनीही पाहिलेली नाहीत. भाषण कितीही लांबलं तरी मान न टाकणारा व्यासपीठावरचा तो एकटाच.

शिवाय घराणं जुनं. मूळ मुक्काम इंडोनेशियातली मोलुक्का बेटं आणि आजूबाजूचा मुलूख. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस नावाच्या जर्मन माणसाने तिथल्या वनस्पतींवर प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात हे झाड आहे. रुम्फियसची दृष्टी 1670 साली गेली. पुढे 1687च्या आगीत चित्रं जळाली. तरी बाबा दुसऱ्यांकडून लिहून घेत राहिला. 1702 साली तो वारला आणि ग्रंथ छापायला सुरुवात झाली 1741 साली. ज्याच्याकडे बघण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही, असं झाडही त्या ग्रंथात आहे आणि ग्रंथ पुरा केला तो डोळे गेलेल्या माणसाने. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “बिचारा. त्याला कुणी आंब्याचं झाड दाखवलं नाही का?”

1753 साली लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने ह्याला ‘क्रोटन’ या कुळीत घातलं. नंतरच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिथून काढून ‘कोडियम’मध्ये बसवलं, पण लोकांनी ती बदली मानली नाही. त्या खऱ्याखुऱ्या क्रोटन कुळीतलं आपल्याकडचं प्रसिद्ध झाड म्हणजे जमालगोटा. त्याच्या बियांचं तेल माणसाला किती वेळा परसाकडे धाडेल याचा नेम नाही. हे ऐकून आत्या पहिल्यांदाच खुलली. “मग तो का नाही आणलास? काहीतरी करतो तरी!”

आता खरी गंमत. क्रोटनचे रंग उन्हावर चालतात. पानात अन्न तयार करण्याचं काम हिरव्या द्रव्याचं. पिवळा, नारिंगी, तांबडा ही वेगळी रंगद्रव्यं. त्यांतलं तांबडं कडक उन्हात पानाला आडोसाही देतं. भरपूर ऊन असलं की हे रंग वर येतात. सावलीत ठेवलं की नव्या पानांत हिरवं वाढतं आणि बाकीच्यांना झाकून टाकतं. म्हणजे चैनीचे दिवस असले की क्रोटन रंगतो आणि तंगी आली की मुकाट्याने कामाला लागतो. हे मध्यमवर्गीय धोरण आमच्या घराला मनापासून पटलं. त्यामुळे झाड हिरवं पडायला लागलं तेव्हा हळहळलो तो मी एकटा. आत्या म्हणाली, “बघ, सुधारतंय.”

ते हिरवं पडत होतं, कारण घरातले लोक त्याला हलवत होते. पाहुणे आले की कुंडी गॅलरीतून दिवाणखान्यात, पाहुणे गेले की न्हाणीघराच्या दारात, कपडे वाळत घालायचे झाले की जिन्यात. क्रोटनला बदली सोसत नाही. उजेड, हवेतला ओलावा, वाऱ्याची झुळूक यांतलं काहीही एकदम बदललं की तो पानं टाकतो. अर्ज नाही, निवेदन नाही; सकाळी उठावं तर कुंडीभोवती राजीनामे पडलेले. त्यात पिठ्या ढेकूण आला. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तेव्हा आत्याला क्षणभर वाटलं, झाड एकदाचं काही पिकवायला लागलं. मी साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल घेऊन बसलो. कडुनिंबाचं नाव काढताच आत्या म्हणाली, “ते बघ कामाचं झाड. दुसऱ्यांचीसुद्धा दुखणी काढतं.”

मग मी कुंडी गॅलरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात नेली आणि हलवणाऱ्याला चहा बंद, असा फतवा काढला. सकाळचं ऊन मिळालं, नवी पालवी आली, रंग परतले. शेंडे खुडले तशा बाजूने फांद्या फुटल्या आणि झाड गोलमटोल झालं. खुडताना उडालेल्या चिकाचे तपकिरी डाग सदऱ्यावर पडले, ते कायमचे. आत्याने सदरा उजेडात धरून पाहिला. “हे बाकी पक्कं काम करतं हो!”

पावसाळ्यात मी एका फांदीवर गुटी बांधली. सालीची अंगठी काढली, भोवती ओलं मॉस लावून प्लास्टिकने गुंडाळलं. काही आठवड्यांत आत पांढरी मुळं दिसू लागली. ते रोप आत्याने राजापूरला मागून घेतलं. मी खूश झालो. म्हटलं, सौंदर्यदृष्टी उशिरा का होईना, आली.

पुढे फोन आला. “अरे, गडग्याशी लावलंय तुझं झाड. पलीकडच्यांची बकरी माझी जास्वंद खाऊन गेली, अबोली खाऊन गेली, पण ह्याला हुंगून परत गेली. आता अख्ख्या गडग्याला हेच लावणार. आणखी दहा गुट्या बांध.”

म्हणजे कुणाच्याही पोटात जायच्या लायकीचं नाही, या एका गुणावर क्रोटन पास झाला. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, “रंग कसे आलेत गं?”

“रंग?” आत्या म्हणाली. “ते बकरीला विचारायला हवं. आम्हाला इथे कामं असतात.”