कार्बनकाका

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींना पुनर्विकासाचे वेध लागले, की सोसायटीच्या सभेत सगळे कार्पेट एरिया, भाडं आणि कॉर्पस यांवर बोलतात. सिमेंटवर बोलतात ते फक्त कार्बनकाका. असे काका बहुतेक सोसायट्यांत एक तरी असतातच.

काका निवृत्त इंजिनिअर. बिल्डरचा माणूस पडद्यावर कारंजी आणि हिरवळ दाखवत ‘ग्रीन प्रोजेक्ट’ म्हणाला, की ते वही उघडतात. “हिरवळ राहू द्या. क्लिंकर किती?”

“देऊ ना सर, क्लबहाउसमध्येच देऊ!”

मग शिकवणी सुरू. एक टन शुद्ध चुनखडी भाजली की 440 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी कशावरही पेटवा, तो सुटणारच. सिमेंटचा मुख्य घटक असलेलं क्लिंकर त्याच चुनखडीचं, म्हणून क्लिंकर कमी तर पाप कमी. पीपीसी सिमेंटमध्ये त्याच्याऐवजी 35 टक्क्यांपर्यंत राख चालते, पीएससीत 70 टक्क्यांपर्यंत पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली स्लॅग. “आणि स्लॅगसाठी लांब कशाला? आपलं डोलवी आहे की पेणजवळ!” ‘आपलं’ असं ते इतक्या जिव्हाळ्याने म्हणतात, की डोलवीला त्यांची सासुरवाडी असावी.

“पण सर, ते सिमेंट सावकाश ताकद धरतं. आमची सेंटरिंग अडकून पडते.”

“स्लॅबला घाई करा हवी तर. पायाचे आणि खालच्या खांबांचे क्यूब 28 ऐवजी 56 दिवसांनी तपासा. वरचे मजले चढेपर्यंत त्यांच्यावर पूर्ण भार येतोच कुठे?” याला बिल्डरच्या माणसाकडे उत्तर नसतं. तो चहा मागवतो.

घरीही हेच. काकूंना ओटा ग्रॅनाइटचा हवाय. जुन्या कडप्प्याचा कार्बन अजून फिटायचाय, या सबबीवर काका तो वर्षानुवर्षं टोलवताहेत. काकूंच्या मते तो कार्बन नव्हे, कंजूषपणा. पुनर्विकासाला 2019च्या शासननिर्णयानुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते. काकांच्या घरात माणसं दोनच, त्यामुळे गाडी 50वर अडते.

तरी सभा त्यांचं निमूट ऐकते, पार्किंगचा विषय निघेपर्यंत. “पोडियमचे मजले म्हणजे नुसतं काँक्रीट आणि लोखंड,” काका म्हणतात. “घरटी एकच गाडी ठेवली, तर एखादा मजला सहज वाचेल.” एवढ्यावर, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे शेजारी एक होतात. “मग आमच्या मुलाची गाडी काय तुमच्या वहीत लावू?” सूचनेला अनुमोदक मिळत नाही, काकूसुद्धा नाही. पर्यावरणाच्या तळमळीबद्दल काकांच्या अभिनंदनाचा ठराव मात्र एकमताने मंजूर होतो.

काका कटकटे आहेत, यात वाद नाही. पण ते विचारतात ते योग्य, आणि विचारतात तेही वेळेवर. विजेचं बिल राहायला गेल्यावरही कमी करता येतं; सिमेंट-लोखंडाच्या भट्ट्यांतून सुटलेला धूर कुठल्याच सर्वसाधारण सभेला परत बोलावता येत नाही. तेव्हा तुमच्या सभेत असे काका उठले, तर घड्याळाकडे पाहू नका. करारनाम्यावर सही करण्याआधी त्यात सिमेंटचा प्रकार तेवढा लिहून घ्या. पार्किंगवर नंतर खुशाल भांडा.