हरकतीची नोंद घेतली आहे

मुलाकडे कॅलिफोर्नियात आलेल्या सेवानिवृत्त बापाला सुरुवातीला सगळे हौसेनं फिरवतात. मग शनिवार-रविवारची वाट बघत तो घरात बसतो. मी गाडी चालवत नाही, आणि इथं पायी निघालं की लोक गाडी थांबवून ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारतात. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मोकळ्या माळाला लावलेली सरकारी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा आमच्या कॉलनीत मी एकटाच निघालो. छोट्या विमानतळाला लागून असलेल्या त्या माळावर प्लॉट पाडून घरं बांधायची होती. पर्यावरण अहवालाचा मसुदा तयार होता. मुदत 45 दिवस, आणि हरकत कोणीही घेऊ शकत होतं.

‘कोणीही’ वाचलं आणि माझ्या अंगात आलं. सरकारी नोकरीत हरकती-सूचना मागवणाऱ्या नोटिसा मी स्वतः काढलेल्या आहेत. आलेल्या हरकतींचं पुढे काय होतं हेही मला ठाऊक आहे. निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना त्यातल्या बऱ्याच माझ्या हाती लागल्या.

“बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात,” चिरंजीव म्हणाले.

“हरकतीला व्हिसा लागत नाही,” मी म्हणालो. ते खरंही होतं.

अहवाल ज्या कायद्याखाली होतो त्याला इथले लोक ‘सीक्वा’ म्हणतात. तो 1970 सालचा, गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीचा. प्रकल्पाचा परिसराला काय त्रास होईल, हे तो विचारतो. परिसराचा त्रास प्रकल्पात राहायला येणाऱ्यांना होईल का, हे एरवी विचारायची गरज नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. पण विमानतळाजवळची जागा त्याला अपवाद. म्हणून आवाजाचं प्रकरण भलतंच जाड होतं. आवाजाची चोवीस तासांची सरासरी काढताना संध्याकाळी सात ते दहाच्या विमानाला पाच डेसिबल जास्त धरायचे आणि रात्री दहा ते सकाळी सातच्या विमानाला दहा. म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांच्या बरोबर. “हाच हिशेब घोरण्याला लावायला हवा,” सौ. म्हणाली. मी पान उलटलं.

पुढे घुबड होतं. माळावरच्या खारींच्या बिळांत राहणारं, वितीएवढं, उंच पायांचं. अशा घुबडांना विणीचा हंगाम सोडून बिळाबाहेर काढायचं तर बिळाला एकाच बाजूने उघडणारं दार बसवतात. आतलं घुबड बाहेर पडतं, पण परत आत शिरू शकत नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या मालकांना ही युक्ती वेळेत कळली असती तर कोर्टाचा निम्मा भार हलका झाला असता.

मग मी पत्र लिहिलं. त्यात लोहगावच्या धावपट्टीभोवती शहर कसं वाढलं ते आलं, घुबडाबद्दलची सहानुभूती आली, चार ओळी संस्कृतीवर आल्या, आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून, एक प्रश्न: छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, त्याचं काय?

जाहीर सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. “आदरणीय महापौर, व्यासपीठावरील मान्यवर” इथून मी सुरुवात केली. आयुष्यभराची सवय! माझा परिचय, मुलाचा परिचय आणि या देशाच्या लोकशाहीचं कौतुक होईतो पिवळा लागला. ‘आता मूळ मुद्द्याकडे वळतो’ या वाक्याला लाल.

बाहेर एक वयस्क वैमानिक भेटले. त्यांचाही घरांना विरोध. “शाब्बास! आधी हे लोक घरं घेतात आणि मग विमानतळ बंद करा म्हणून ओरडतात.” मी जोरात मान डोलावली. “तुम्ही राहता कुठे?” भिंतीवर आवाजाच्या रेषांचा नकाशा होता. मी अभिमानानं बोट ठेवलं. ते धावपट्टीभोवतीच्या लांबट वर्तुळाच्या बरोबर आत पडलं. वैमानिकांनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना अचानक घरी जायची घाई झाली.

आमची कॉलनीही तशाच माळावर, तशीच प्लॉट पाडून झालेली. जवळ विमानतळ आहे, आवाज, कंपनं, वास यांचा उपद्रव होऊ शकतो, हे घर घेणाऱ्याला लेखी सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. चिरंजिवांना विचारलं. “बाबा, सह्याच किती होत्या! वाचतं कोण?”

अंतिम अहवालात माझं पत्र जसंच्या तसं छापलं होतं. समासात कंस घालून प्रत्येक मुद्द्याला नंबर दिला होता आणि पुढे नंबरवार उत्तरं. लोहगाव: नोंद घेतली. सहानुभूती: नोंद घेतली. संस्कृती: नोंद घेतली, हा मुद्दा पर्यावरणीय परिणामाबद्दल नाही. शिशाला मात्र भरगच्च उत्तर होतं. शेजारच्या सांता क्लारा काउंटीने आपल्या दोन्ही विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 1 जानेवारी 2022 पासून बंद केली आहे, आणि राज्यभर ती 2031 पासून बंद होणार आहे, हेही त्यात होतं. माझ्या एका ओळीसाठी कुणीतरी एवढं बसून लिहिलं होतं. माझ्या नोकरीत मी कुणाच्या दहा पानांनाही एवढं उत्तर दिलं नव्हतं.

वसाहत मंजूर झाली. अट एकच जास्तीची: घराच्या वरून विमानं नेण्याचा आणि आवाज करण्याचा हक्क प्रत्येक मालकानं विमानतळाला कायमचा लिहून द्यायचा. आमच्या घराच्या कागदांतही तो दिलेला आहे, चिरंजिवांच्या सहीनिशी.