पाऊस असल्यास

काकांचं हवामानाशी पटत नाही. एवढा मोठा कारभार कुणाच्या सहीशिक्क्यावाचून चालतो, हेच त्यांच्यातल्या निवृत्त बँक मॅनेजरला मान्य नाही. त्यामुळे रेडिंगला राहणारा मुलगा फोनवर सहज म्हणून गेला, ‘बाबा, जुलैत इकडे या, सगळे मिळून स्कॉटलंड करू,’ आणि काकांनी पुण्यात फेब्रुवारीतच वही उघडली.

असे काका बऱ्याच घरांत असतात. लग्नात पंगतींचा हिशेब त्यांच्याकडे, गणपतीत वर्गणी त्यांच्याकडे, आणि सहल निघाली की बाकीच्यांनी फक्त बॅगा भरायच्या. त्यांची स्वतःची सहल आखतानाच होऊन जाते. प्रत्यक्ष जातात ते तपासणीला.

काकांचा तक्ता बघण्यासारखा असतो. आडव्या कागदावर वेळ, ठिकाण, किती मिनिटं बघायचं, स्वच्छतागृह, डबा असे रकाने. आणि शेवटी लाल शाईत एक रकाना, ‘पाऊस असल्यास’. हॅरी पॉटरची आगगाडी जिथून जाते त्या ग्लेनफिननच्या २१ कमानींच्या पुलाला २५ मिनिटं, फोटो धरून. लॉख नेसला मात्र ४०. ‘२३० मीटर खोल आहे, त्या राक्षसाला वर यायला वेळ नको?’ बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच, पुढे कंसात ‘खालून’.

पावसाचाही त्यांनी अभ्यास केला. एडिनबरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे पुण्याइतकाच की!’ हिशेब चोख होता. फक्त पुण्याचा पाऊस जूनमध्ये कामावर रुजू होतो आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास रजेवर जातो. एडिनबराचा बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो, आणि हप्ता कधी पडेल ते सांगत नाही. शिवाय आमचं निम्मं फिरणं पश्चिमेकडच्या डोंगरांत होतं, तिथे काही ठिकाणी हाच आकडा तीन हजारांच्या वर जातो. ती ओळ काकांनी वाचली होती. पण तिने सरासरी बिघडत होती, म्हणून सोडून दिली.

तिथल्या डोंगरांसाठी वेगळा हवामान अंदाज निघतो आणि त्यात शिखरं ढगांबाहेर असण्याची शक्यता चक्क टक्क्यांत देतात. हे काकांना फार आवडलं. दहा टक्क्यांच्या भरवशावर त्यांनी जन्मात कुणाचं कर्ज मंजूर केलं नव्हतं. बेन नेव्हिस खालूनच बघायचा हे त्यामुळे कायम झालं. फोर्ट विल्यमला आम्ही तो बघितलाही, म्हणजे जिथे तो असायला हवा होता त्या ढगाकडे तोंड करून ओळीने उभे राहिलो. पुतण्या कुरकुरला. काकांकडे उत्तर तयार होतं. १८९४ साली सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण या शिखरावरच्या वेधशाळेत राहिला, ढगांवर पडलेले प्रकाशाचे खेळ बघून भारावला, आणि मग प्रयोगशाळेतच ढग तयार करायला बसला. त्यातून क्लाउड चेंबर आलं आणि १९२७ चं नोबेल. ‘त्याने ढग बघून नोबेल घेतलं, आणि तुम्हाला दहा मिनिटं उभं राहवत नाही!’ त्यावर कोण काय बोलणार? छत्री उलटी झाली तेव्हाच सुटका झाली.

तिथे मिज नावाची चिलटं असतात. डास परवडला इतकी बारीक, आणि येतात थव्याने. वारा ताशी अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना नीट उडता येत नाही, असं काकांनी वाचून ठेवलं होतं. त्यामुळे एके दिवशी पाऊस थांबावा म्हणून काकू हात जोडत होत्या आणि वारा सुटावा म्हणून काका. त्या दिवशी दोघांचंही कुणी ऐकलं नाही. थालीपिठं गाडीतच काचा वर करून खाल्ली.

स्कायला तिथले लोकच धुक्याचं बेट म्हणतात. म्हणून त्या दिवसापुरता काकांनी लाल रकानाच मुख्य धरला आणि कारबॉस्टच्या व्हिस्की डिस्टिलरीची तिकिटं आधीच काढली. पैसे परत न मिळणारी, त्यात थोडी स्वस्त पडतात. आदल्या रात्री कॅलेंडरात संकष्टी निघाली. जुलैत तिथे रात्री दहापर्यंत सूर्यच मावळत नाही, तर चंद्रोदय कधी बघायचा आणि उपास कधी सोडायचा? काकांनी तक्त्यात नवी ओळ घातली: ‘चंद्रोदय. पाऊस असल्यास पंचांगावरून.’

सकाळी पडदा सरकवला तर लख्ख ऊन. कुलिनचे काळे सुळके कोरल्यासारखे समोर उभे.

‘अहो, ऊन पडलंय,’ काकू म्हणाल्या.

‘दिसतंय मला.’

‘मग डोंगराकडे जाऊ या ना.’

‘तिकिटांचं काय?’

शेवटी सून नातवंडांना घेऊन पाण्याकाठी उतरली, काकूही चपला हातात घेऊन त्यांच्यामागे गेल्या. बाकीचे आम्ही तांब्याच्या अवाढव्य भट्ट्यांभोवती काकांच्या मागून फिरलो. खिडकीतून ऊन आत येत होतं, तिकडे ते पाठ करून उभे होते. शेवटी गाइड बाईंनी प्रत्येकाच्या हातात घोटभर व्हिस्कीचा ग्लास ठेवला. काकांनी उपासामुळे नुसता वास घेतला, ग्लास मुलाकडे सरकवला आणि खिशातला तक्ता उलगडत बाईंना अदबीने विचारलं, इथे पाऊस साधारण किती वाजता सुरू होतो?