थोरलीला विचारलं का?

माधवनगरात एका ओळखीच्या घरी चहाला गेले होते. धाकट्या सुनेला मूल राहत नाही. सांगलीत तीन वर्षं उपचार झाले, आता डॉक्टरांनी सरोगसी सुचवली आहे. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरची बाई कशाला हुडकायची? थोरली हाय की घरात. दोन पोरं झाल्यात, तब्येत ठणठणीत हाय." थोरली तिथंच खाली बसून गवार निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा शेंगेची शीर काढू लागला. खोलीतल्या एकानंही तिला विचारलं नाही. मीही नाही, आणि ते अजून टोचतंय.

घरातले वडीलधारे म्हणाले, "महाभारतात हेच झालंय. ज्या काळाला जे बरोबर, ते बरोबर."

मग महाभारत नीट वाचूया. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, वंशासाठी सत्यवतीनं व्यासांना बोलावलं आणि सुनांची समजूत घातली. अंबिकेनं डोळे मिटले. अंबालिका भीतीनं पांढरीफटक पडली. दुसऱ्यांदा पाठवायची वेळ आली तेव्हा अंबिकेनं आपल्या जागी दासीला पुढं केलं. धृतराष्ट्र आंधळा का आणि पांडू फिका का, एवढंच आपण त्यातून शिकलो. मला मात्र त्या मिटलेल्या डोळ्यांत एका बाईचा नकार दिसतो. काळ कुठलाही असो, नकार नकारच असतो.

धाकटीचं दुःख मी हलकं मानत नाही. ओटी भरताना हात तिच्यापाशी येऊन कसा पुढं सरकतो, हे मी पाहिलंय. आई व्हावंसं वाटण्यात गैर काहीच नाही. पण त्या इच्छेचा हक्क झाला की तो कुणाच्या तरी शरीरावर बजावावा लागतो, तिथं मी थांबते.

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी कायद्यानं पैशाचा व्यवहार बंद केला. दवाखान्याचा आणि ठरवून दिलेला खर्च, ३६ महिन्यांचा विमा, बाकी मोबदला शून्य. कायदा मोडला तर दहा वर्षांपर्यंत कैद. मूल वाहणारी बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. आधीच्या विधेयकात ती जवळची नातेवाईकच हवी, अशी अट होती. ती काढून 'इच्छुक स्त्री' असा शब्द आला. पण नऊ महिने फुकट कोण देणार? बोट फिरून घरातल्या सुनेवरच येतं. गरीब बाईला पैसे देऊन तिची कूस वापरणं वाईटच, म्हणून ते थांबवलं. भाकरी एकाच चुलीवर होते त्या घरात थोरली 'नाही' कशी म्हणेल, याचा विचार मात्र राहिला. तिला नवरा, सासू, पोरं घेऊन त्याच घरात राहायचंय.

'ज्या काळाला जे बरोबर' याचंच दुसरं रूप म्हणजे 'त्यांच्यात तसंच असतं'. ते आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. हंगाम लागला की आपल्याच भागातल्या रस्त्यांवरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे जातात. मोळ्यांवर बसलेल्या बायका बऱ्याचदा बीडकडच्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. पाळीच्या दुखण्यानं खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बायकांनी सह्या केल्या होत्या, असं सांगितलं की आपली चौकशी संपते. एकीकडे कूस कामाच्या आड येते म्हणून काढायची, दुसरीकडे घराला हवी म्हणून मागायची. दोन्हीकडे कागदावर तिची संमती असते, आणि दोन्हीकडे ती मागणारे तिच्यापेक्षा वरचढ असतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सही घेण्याआधी तिला एकटीला बसवा. दाराबाहेर सासू नको, नवरा नको. तिला न ओळखणाऱ्या बाईनं तिला विचारावं, आणि ती 'नाही' म्हणाली तर घरच्यांना कारण म्हणून फक्त 'वैद्यकीय अडचण' एवढंच कळावं. तिच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई द्यावी. ती किंमत नव्हे, तिचा वेळ आहे.

त्या दिवशी निघताना थोरली फाटकापर्यंत आली. हाताला गवारीचा वास होता. हळूच म्हणाली, "ताई, सही केल्यावर माघार घेता येती का?"

"येते," मी म्हटलं. "गर्भ आत सोडेपर्यंत कधीही. कायद्यात तसं लिहिलंय."

"सोडेपर्यंत म्हंजे किती दिवस?"

मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारून घेतलं.