फक्त पाहण्यासाठी

वस्तू काचेत मांडलेली आहे, दुकान उघडं आहे, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे आहेत आणि विक्रेता अदबीनं समोर उभा आहे. एवढं जुळून आलं की जगात सगळीकडे खरेदी होते. भारी स्विस घड्याळांच्या दुकानात मात्र खरी पंचाईत इथून पुढे सुरू होते. घड्याळाशेजारी एक नाजूक पाटी असते. हे घड्याळ फक्त प्रदर्शनासाठी आहे, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपण म्हणतो, बरं, हे राहू द्या, असंच दुसरं दाखवा. तर तेही नसतं. मग काय असतं? यादी असते. त्या यादीत नाव घालता येतं. पण आपला नंबर कितवा, हे विचारायचं नसतं, कारण त्या यादीला नंबरच नसतात.

गेल्या पाच-सहा वर्षांत या बाजारात जे वर-खाली झालं ते समजून घ्यायला जाणकार लोक निर्यातीचे आकडे चाळतात, लिलावांचे भाव लिहून ठेवतात. माझं मत विचाराल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही. काउंटरपलीकडच्या माणसाचा चेहरा नीट बघावा. मागणी वाढली की त्याची मान किंचित मागे जाते, मागणी घटली की ती पुढे येते. याहून खात्रीचा निर्देशांक मला माहीत नाही.

माझ्या एका मित्रानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कर वाचवून दिले आणि पन्नाशीला स्वतःसाठी काहीतरी उधळायचं ठरवलं. साल 2021. रोलेक्सचं सबमरीनर, तेही साधं स्टीलचं, एवढीच त्याची इच्छा. मुंबईतल्या एका झगमगीत शोरूममध्ये सोबत म्हणून मीही गेलो. दार उघडायला एक माणूस, खुर्ची सरकवायला दुसरा. बोटभर कपातून कॉफी आली. टाय लावलेला तरुण आधी इंग्रजीत बोलत होता. आम्ही आपसांत कुजबुजलो तेव्हा एकदम मोकळा झाला. ‘सर, मी गिरगावातलाच.’ आम्हाला वाटलं, आता काम झालं.

‘सर, आपलं आमच्याकडे आधी काही घेणं झालंय?’

‘नाही बुवा. म्हणून तर आलोय.’

‘मग आपला प्रोफाइल नाहीये ना सर.’

प्रोफाइल कसा होतो, ते त्यानं फार गोड शब्दांत समजावलं. कंपल्सरी काहीच नव्हतं. फक्त मॅडमसाठी एखादं हिऱ्यांचं बघितलं, किंवा त्या पलीकडच्या काउंटरवरच्या दुसऱ्या कंपनीचं एखादं घेतलं, तर वरती सांगायला बरं पडतं. मित्र म्हणाला, ‘मॅडम वेळ मोबाइलमध्ये बघतात.’ त्यावर तो तरुण असा काही समजूतदार हसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मित्राच्या डोक्यात तोवर हिशेब सुरू झाला होता. सात-आठ लाखांची वस्तू विकत घेण्याची लायकी सिद्ध करायला आधी दहा लाखांची नको असलेली वस्तू घ्यायची, तर हा खर्च कुठल्या खात्याला टाकायचा? बाहेर पडल्यावर लिंबूपाणी पिताना तो एवढंच म्हणाला, ‘कर्ज काढायला गेलो असतो तर कमी प्रश्न विचारले असते.’

ज्यांनी सत्तर-ऐंशीचं दशक पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. आकुर्डीहून निघणाऱ्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. बुकिंगची पावती विम्याच्या कागदांसोबत कपाटात असे. नंबर लागला की पेढे, आणि नंबर लागूनही गाडी नको असेल तर ती ‘ऑन’नं विकून चार पैसे. फरक इतकाच, की ती टंचाई दिल्लीहून येत होती. किती स्कूटर काढायच्या, हे लायसन्सवर लिहिलेलं असे. रोलेक्सच्या जिनिव्हात कोणी लायसन्स मागत नाही. रोलेक्स वर्षाला दहा लाखांच्या आसपास घड्याळं बनवतं, असा जाणकारांचा अंदाज आहे. दहा लाख! आणि तरी ती दुर्मीळ. आमच्या वडिलांच्या पिढीनं स्कूटरसाठी थांबताना सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. घड्याळासाठी थांबणारा मात्र आपण किती वर्षं थांबलो हे पार्टीत छाती फुगवून सांगतो. बिचाऱ्या परमिट राजला आपण उगीच बदनाम केलं. चामड्याचे सोफे आणि बरी कॉफी ठेवली असती तर लोक अजूनही रांगेत आनंदानं बसले असते.

गंमत म्हणजे आज ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात तो माल एके काळी कोणी फुकट न्यायला तयार नव्हतं. रोलेक्सचं डेटोना 1963 साली आलं, शर्यतीत गाडी हाकणाऱ्यांसाठी. रोज किल्ली द्यावी लागे, आणि जग तर आपोआप चालणाऱ्या घड्याळांच्या मागे लागलेलं. दुकानदार वैतागले होते, सूट देऊन काढून टाकत होते. त्यातही काही डायल जरा भडक होते, ते तर हमखास पडून राहत. तसलं एक नटवर्य पॉल न्यूमन यांना त्यांच्या पत्नीनं घेऊन दिलं, पाठीवर गाडी सांभाळून चालवण्याची ताकीद कोरून. न्यूमननी पुढे ते मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं, कारण किती वाजले असं विचारल्यावर त्या पोराला सांगता आलं नव्हतं. काही शे डॉलरचं ते घड्याळ 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेलं. दुकानात धूळ खात पडणारा तो भडक डायल आता ‘पॉल न्यूमन डायल’ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या नुसत्या उल्लेखानं संग्राहकांचा आवाज बदलतो.

मधल्या काळात तर सगळा धंदाच बुडायच्या बेतात होता. 1969 च्या नाताळात सेकोनं टोकियोत क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि स्विस कारागिरांच्या पोटात गोळा आला. 1970 साली स्वित्झर्लंडमध्ये 90,000 च्या आसपास माणसं या उद्योगात होती, दीड दशकात ती तिसऱ्या हिश्शावर आली. ल लोक्ल नावाच्या गावात झेनिथचा कारखाना होता, मालक अमेरिकन. 1975 साली त्यांचं फर्मान आलं, की यांत्रिक घड्याळांचं काम बंद, साचे आणि अवजारं भंगारात काढा. शार्ल व्हर्मो नावाच्या कारागिरानं हो-नाही काहीच न म्हणता ती अवजारं एकेक करून माळ्यावर नेऊन लपवली आणि कशात काय आहे ते नीट लिहून ठेवलं. माळ्यावर टाकलेलं कधीतरी उपयोगी पडतं, हा आपल्याकडच्या प्रत्येक आजीचा सिद्धांत स्वित्झर्लंडमध्ये खरा ठरला तो असा. ऐंशीच्या दशकात झेनिथचं आपोआप चालणारं यंत्र त्याच अवजारांवर पुन्हा बनू लागलं, आणि 1988 साली ते कोणी घेतलं? रोलेक्सनं, डेटोनासाठी. आता किल्ली द्यायला लागेना. तेव्हापासून डेटोनाची रांग सुरू झाली ती आजतागायत.

तर, 2020 साली महामारीत कारखाने काही आठवडे बंद पडले, लोक घरात बसले आणि पैसा मात्र स्वस्त झाला. शेअर वर, क्रिप्टो वर, मग घड्याळ कशाला मागे राहील? 2022 च्या सुरुवातीला स्टीलचं डेटोना छापील किमतीच्या तिप्पट भावात बाहेर विकलं जात होतं. पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीनं नॉटिलसचं 5711 हे मॉडेल बंद करायचं ठरवलं, तर मागणी आणखी उसळली. टिफनी या जवाहिऱ्यांच्या निळ्या डायलचं शेवटच्या तुकडीतलं एक, किंमत सुमारे 52 हजार डॉलर, ते डिसेंबर 2021 मध्ये एका लिलावात, धर्मादाय कामासाठी, 65 लाख डॉलरला गेलं. या दिवसांत दुकानदारांची मान किती मागे गेली असेल, कल्पना करा. घड्याळ हातात देताना वरची पारदर्शक फिल्म तेच सोलून काढत, म्हणजे गिऱ्हाइकाला ते ‘न वापरलेलं’ म्हणून विकता येऊ नये. काही जण वॉरंटीचं कार्डही काही महिने स्वतःकडेच ठेवून घेत. पूर्ण पैसे मोजून आपल्याच वस्तूवर पॅरोलवर सुटल्यासारखं राहायचं.

2022 च्या उन्हाळ्यात व्याजदर चढले, क्रिप्टो आपटलं आणि अधिकृत दुकानांबाहेरच्या ग्रे मार्केटमधल्या ज्या लोकांनी चढ्या भावानं माल भरून ठेवला होता त्यांची झोप उडाली. घड्याळ म्हणजे गुंतवणूक असं ठासून सांगणारे अचानक घड्याळाच्या सौंदर्याबद्दल बोलायला लागले. स्टीलच्या डेटोनाची टंचाई काही संपली नाही, पण बाकी बऱ्याच मॉडेलांपुढची यादी विरळ झाली. पुढच्या वर्षी दिवाळीत मित्राला त्या गिरगावच्या तरुणाचा निरोप आला. दिव्यांचं चित्र, शुभेच्छा, आणि खाली, ‘सर, एक पीस आलाय, आधी तुमचीच आठवण झाली.’ प्रोफाइलचं नाव नाही. मित्रानं तोवर ते पैसे घराच्या वॉटरप्रूफिंगमध्ये घातले होते. तसं त्यानं कळवलं. लगेच उत्तर आलं, ‘काही हरकत नाही सर. मॅडमसाठी?’

पण मला या दुकानदार मंडळींची खरी कीव आली ती वेगळ्याच कारणानं. ऑगस्ट 2023 मध्ये रोलेक्सनं ल्युसर्नची बुखरर ही घड्याळविक्रीची पेढी विकत घ्यायचं जाहीर केलं. 1888 सालची पेढी, 1924 पासून रोलेक्स विकणारी, दुकानं युरोप-अमेरिकाभर, आणि मालकाला वारस नव्हता. कंपनी म्हणाली, काळजी नसावी, बाकीच्या विक्रेत्यांशी संबंध पूर्वीसारखेच राहतील. पण ‘वॉचेस ऑफ स्वित्झर्लंड’ या घड्याळविक्रेत्या कंपनीचा शेअर लंडनच्या बाजारात एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त घसरला. कंपनीनं स्वतःच दुकान मांडलं तर आपण कोण? ओदमार पिगे या आणखी एका स्विस कंपनीनं तर आधीच बहुतेक दुकानांतून माल काढून घेऊन स्वतःची दालनं थाटली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला ‘बघतो सर, वरून आलं की कळवतो’ म्हणून परत पाठवलं, ते आता स्वतः वरून काय येतंय याची वाट बघतात. त्यांनाही त्यांच्या यादीतला नंबर कोणी सांगत नाही.

इकडे आपल्याकडे वारं उलटं आहे. 2024 मध्ये चीनला जाणारी स्विस घड्याळं चौथाईहून थोडी जास्त घटली आणि भारताकडची साधारण तेवढ्याच टक्क्यांनी वाढली. आपला आकडा अजून लहान आहे म्हणा. स्वित्झर्लंडसकट चार देशांशी झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आणि घड्याळांवरची जकात सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं जाणार आहे. सरकारनं त्याआधीच, एप्रिल 2025 मध्ये, दहा लाखांवरच्या चैनीच्या वस्तूंवर विक्रीच्या वेळीच एक टक्का कर गोळा करायला सुरुवात केली. ती यादी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. मनगटी घड्याळ, गॉगल, बूट, हेलिकॉप्टर आणि शर्यतीचा घोडा एकाच पंगतीला बसलेत. एचएमटीच्या जमान्यातल्या माणसाला सांगितलं असतं की घड्याळ आणि हेलिकॉप्टर एका ओळीत येणार आहेत, तर त्यानं आपली तब्येत विचारली असती.

एचएमटीचीही एके काळी टंचाई असायची. लग्नात जावयाला द्यायला ‘कांचन’ मिळवायचं तर ओळख काढावी लागे. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला सुरू झालेलं ते काम पुढे टायटननं मागे टाकलं. काउंटरवर कोणी फिरकेना. मग कारखाना बंद होणार अशी बातमी 2014 साली आली, आणि जी घड्याळं कोणी बघत नव्हतं त्यांच्यासाठी झुंबड उडाली. नॉटिलससारखंच की हो, फक्त शून्यं कमी!

चोर बाजारात शुक्रवारी सकाळी लवकर गेलं तर जमिनीवर चादर पसरून जुनी घड्याळं मांडलेली दिसतात. एचएमटी पायलट, फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, सेको. बरीचशी ताज्या रंगाची, पोपटी नाहीतर केशरी डायलची. जगभरचे संग्राहक या प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. जुनं यंत्र, नवा रंग, काटे तिसऱ्याच घड्याळाचे. मी एक केशरी पायलट उचललं. विक्रेत्यानं चटकन ते माझ्या मनगटावर बांधलंच. हातमोजे नाहीत, पाटी नाही, प्रोफाइल तर नाहीच.

‘डायल ओरिजिनल आहे का?’

‘डायल नवीन आहे साहेब. कंपनी ओरिजिनल आहे.’

मी किंमत विचारली. त्यानं सांगितली. मी निम्म्यावर आलो. त्यानं शांतपणे घड्याळ माझ्या मनगटावरून सोडवलं, शर्टाला पुसलं आणि चादरीवर परत ठेवलं. मान किंचित मागे गेली होती.

‘कंपनी बंद झाली साहेब. आता निघत नाहीत. पुढच्या शुक्रवारी असेल-नसेल, मी सांगू शकत नाही. नाव लिहून ठेवू का?’