पृथ्वी वाचवायचीय? मावशींना सांगून ठेवा

आमच्या सोसायटीने पृथ्वी वाचवण्याचा ठराव वार्षिक सभेत मंजूर केला. विषयपत्रिकेवर पृथ्वी नवव्या क्रमांकावर होती. आठवा विषय व्हिजिटर पार्किंगचा असल्यामुळे तिला रात्री साडेदहापर्यंत ताटकळावं लागलं, पण मग पाच मिनिटांत सर्वानुमते काम झालं. सूचक ए विंगमधले निवृत्त अभियंते, अनुमोदक बी विंगमधल्या काकू. विरोध झालाच असता तर खर्चाला झाला असता. पण खर्च शून्य आहे, असं चेअरमननी आधीच जाहीर करून टाकलं होतं. "मोठं काही करायचं नाही. रोजच्या छोट्या छोट्या सवयी तेवढ्या बदलायच्या," ते म्हणाले, आणि सभेला हायसं वाटलं.

सवयी नेमक्या कुणाच्या बदलायच्या, हे हरित समितीचं परिपत्रक आल्यावर कळलं.

परिपत्रक लिफ्टमध्ये लावलंय. भिजू नये म्हणून लॅमिनेट केलंय. लिफ्टमध्ये पाऊस पडत नाही हे खरं, पण आमचे सेक्रेटरी दूरदृष्टीचे आहेत. पहिलीच सूचना आहे 'शक्यतो जिन्याचा वापर करावा'. ती सगळे सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत वाचतात आणि पटल्यासारखी मान हलवतात. पुढे : भांडी घासताना नळ सोडून ठेवू नये (मावशींना सांगून ठेवावे). ओला आणि सुका कचरा वेगळा करावा (मावशींना सांगून ठेवावे). डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घालावं (मावशी). जिन्यातले दिवे उजाडताच बंद करावेत (वॉचमन). गाड्या पाइप लावून न धुता बादलीने धुवाव्यात (गाड्या पुसणारा मुलगा). शेवटची सूचना तेवढी खुद्द सभासदांसाठी आहे : पर्यावरणविषयक संदेश ग्रुपवर टाकून जनजागृती करावी. ती पहाटे साडेपाचपासून कटाक्षाने पाळली जाते.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी सहा घरची कामं करतात. सहाही घरांनी त्यांना पाणी जपून वापरायला सांगितलं. त्या राहतात त्या वस्तीत पाणी दिवसाआड येतं, तेही तासभर. पिंप, हंडे, कळश्या भरून ते दोन दिवस पुरवायचं आणि वर पाहुणा आला तर त्याला आंघोळीला गरम पाणीही काढायचं, हे त्या लग्न होऊन आल्यापासून करताहेत. त्यांना पाणीबचतीचं महत्त्व पटावं म्हणून समितीतल्या एका आयटीवाल्या सभासदाने प्रेझेंटेशन करायची तयारी दाखवलीये. मराठीतून, हे विशेष.

बाकी पाण्याच्या बाबतीत आम्ही जागरूक आहोत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा साधारण २९ टीएमसीचा, आणि त्यात पुण्यापासून दौंड-इंदापूरच्या शेतापर्यंत सगळ्यांचा वाटा, हे आमच्या ग्रुपवर प्रत्येकाला पाठ आहे. म्हणून उन्हाळ्यात कपातीची बातमी आली की आम्ही वेळ न दवडता टँकर वाढवून घेतो. टँकर कुणाच्या विहिरीतून येतो, हा प्रश्न परिपत्रकाच्या कक्षेत बसत नाही.

आता हा सगळा मालक-मोलकरीण मामला आमच्या सोसायटीने शोधून काढला, असं कुणी म्हणू नये. आमच्यावर संस्कार वरूनच झालेत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पर्यावरणपूरक जीवनशैलीचा मंत्र दिला, आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत केवडियाला, संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या उपस्थितीत, 'मिशन लाइफ'चा प्रारंभ झाला. सोबत नागरिकांनी करण्याजोग्या ७५ कृतींची यादीही आली. सिग्नलला इंजिन बंद करा, गळके नळ दुरुस्त करून घ्या, कापडी पिशवी न्या, लिफ्टऐवजी जिना चढा. यादीत नाव ठेवण्याजोगं काही नाही. माझ्या आजीला यातल्या निम्म्याअधिक कृती कुणी न सांगता येत होत्या. तिच्याकडे सिग्नल नव्हता आणि लिफ्ट नव्हती, एवढाच फरक. फक्त यादी नागरिकाच्या हातात ठेवल्यावर देणाऱ्याचे हात मोकळे होतात, ही त्यातली खरी सोय आहे. फूटपाथ नाही, बस वेळेवर नाही, पण चालत जा किंवा बसने जा ही कृती तुमची.

या कलेतली सगळ्यात वरची मंडळी मात्र तेलवाली. आपापला 'कार्बन फूटप्रिंट' मोजा, हे आज शाळेतलं पोरही सांगतं. ही कल्पना घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा ब्रिटिश पेट्रोलियमचा. या शतकाच्या सुरुवातीला तिने जाहिरातींतून माणसांना हा प्रश्न विचारायला घेतला आणि २००४ च्या सुमारास ज्याला त्याला आपला आकडा काढता यावा म्हणून गणनयंत्रही पुरवलं. रोज लाखो पिंपं तेल विकणाऱ्या कंपनीने गिऱ्हाइकाला विचारायचं, काय हो, तुम्ही आज किती जाळलंत? याला धंद्यातली हुशारी म्हणतात. हुशारी एवढी, की उत्तर देताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

तर तेलकंपनीने गिऱ्हाइकाला सांगितलं, सरकारने नागरिकाला, चेअरमननी सभासदाला, सभासदाने मावशींना. जबाबदारी नेहमी वरून खाली येते, आणि ती जिन्याने येत नाही.

वरच्या मजल्यांवर काहीच होत नाही, असं नाही. खरेदी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात पूर्वी प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या वाण म्हणून लुटल्या जायच्या. २०१८ च्या राज्यव्यापी प्लॅस्टिकबंदीनंतर त्यांची जागा कापडी पिशव्यांनी घेतली. मुंजीत पिशवी, डोहाळजेवणात पिशवी, नगरसेवकाच्या वाढदिवसाला त्याच्या हसऱ्या चेहऱ्यासकट पिशवी. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता : दुकानात मिळणारी पातळ प्लॅस्टिकची पिशवी एकदाच वापरून फेकली, तरी तिच्या तोडीस उतरायला, हवामानापुरतं बोलायचं तर, सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, सूत कातायला वीज लागते. काकूंच्या स्वयंपाकघरातला एक अख्खा ड्रॉवर या पिशव्यांनी इतका गच्च भरलाय, की तो उघडायला मावशी लागतात. भाजी मात्र दहा मिनिटांत घरी येते, ॲपवरून. कोथिंबीर वेगळ्या पाकिटात, मिरच्या वेगळ्या पाकिटात, आणि ती सगळी पाकिटं एका मोठ्या कागदी पिशवीत. कागदी पिशवीवर हिरव्या पानाचं चित्र असतं. काकूंनी ती पिशवीही जपून ठेवलीय.

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ बेडरूमचा एसी १८ वर ठेवून दुलई घेऊन झोपतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोचं म्हणणं असं, की एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणून २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. गृहस्थांना हे सगळं ठाऊक आहे. ग्रुपवर ती माहिती त्यांनीच टाकली होती, हात जोडलेल्या तीन चिन्हांसकट. रिमोट दाबून १८ चे २४ करायला अंगठ्याखेरीज कुणाची मदत लागत नाही. पण अडचण नेमकी तीच आहे. हे काम मावशींना सांगता येत नाही, त्या तेव्हा घरी गेलेल्या असतात.

सोसायटीत गांडूळखत प्रकल्पही आहे. म्हणजे खड्डा आहे, त्यावर पाटी आहे आणि पाटीवर हिरवा रंग आहे. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल पुनर्भरण अशा प्रकल्पांसाठी मिळकत करात पाच ते दहा टक्के सवलत देते. या योजनेमुळे शहरात गांडुळांविषयी मोठा आदर निर्माण झाला. आमची गांडुळं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. सवलत मागे ठेवून गेली. तपासणीची कुणकुण लागली की माळी रोपवाटिकेतून खताची दोन पोती आणून खड्ड्यावर अंथरतो. त्या दिवशी खड्ड्याला ओल्या मातीचा असा काही सुंदर वास येतो, की एकदा तपासायला आलेल्या साहेबांनी घरच्या गुलाबासाठी पिशवीभर खत मागून नेलं. कापडी पिशवीतून, अर्थातच.

एवढी थट्टा केली म्हणजे छोट्या सवयी निरुपयोगी, असा अर्थ कुणी काढेल. उलट आहे. ओलं एका डब्यात आणि सुकं दुसऱ्या डब्यात टाकायला किती वेळ लागतो? पण त्या क्षणात पुढचं सगळं ठरतं. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात गेली तर ती भंगारवाल्याकडे वजनावर विकली जाते. त्याच पिशवीवर कालची आमटी ओतली की तिचं काहीही होत नाही, ती कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसते. पुण्यात या डोंगराला फुरसुंगी आणि उरुळी देवाची म्हणतात. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आमची आमटी हुंगली आणि २०१७ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरभर साचलेल्या ढिगांवरून आम्हाला कळलं की आपला कचरा कुठेतरी जात असतो. कचरा घरातच वेगळा करा, हे केंद्र सरकारच्या नियमांतही लिहिलंय. नियमात 'मावशींनी' असं कुठेही म्हटलेलं नाही. कचरा ज्याचा, त्याने.

आणि मावशींच्या हातून निसटलेलं शेवटी ज्यांच्या हातात पडतं, त्या आमच्या कचरावेचक ताई. सकाळी साडेसातला त्यांची ढकलगाडी पार्किंगमध्ये येते. सातव्या मजल्यावरून सुरुवात करून त्या प्रत्येक दारासमोरचा डबा उचलत खाली येतात आणि पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सगळं उपसतात. ते बघण्यासारखं असतं. हाताला नुसतं लागताच त्यांना प्लॅस्टिकची जात कळते : पाण्याची बाटली एकीकडे, शाम्पूची दुसरीकडे, झाकणं वेगळी, पुठ्ठा कोरडा असेल तर एका पोत्यात आणि ओला असेल तर कपाळावर आठी. वेफर्सची चकचकीत पाकिटं त्या न बघताच बाजूला सारतात. ती कुणी विकत घेत नाही. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा म्हणजे हाताला कळेल, ही साधी विनवणी या बायकांनी शहराला कधीची करून ठेवलीय. आमच्या सोसायटीत ठिपका काढला जात नाही. घरात लाल पेन सापडत नाही. दरमहा द्यायच्या शुल्कात दहा रुपयांची वाढ मागणारं पत्र आलं, तेव्हा हिशेबात बसत नाही म्हणून त्या आकड्याभोवती वर्तुळ काढायला मात्र ते सापडलं होतं.

५ जूनला समितीने पर्यावरण दिन साजरा केला. व्यासपीठामागे वीस फुटी फ्लेक्स होता, पाहुणे मोठ्या गाडीतून आले, आणि भाषण संपेपर्यंत गाडी थंड राहावी म्हणून चालकाने इंजिन सुरूच ठेवलं. सिग्नल नसल्यामुळे नियमभंग झाला नाही. 'हरितदूत' हा किताब ठरावाचे सूचक असलेल्या निवृत्त अभियंत्यांना मिळाला. कचरावेचक ताईंना स्टीलची बाटली आणि दोन कापडी पिशव्या देण्यात आल्या. मग पाहुण्यांनी कौतुकाने माइक त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "ताई, आजपासून पर्यावरणासाठी तुम्ही कोणती एक छोटी सवय लावून घेणार?"

ताईंनी एकदा माइककडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे.

"माझं असू द्या साहेब," त्या म्हणाल्या, "पाचशे दोनवाल्यांना तेवढं सांगा. डायपर उघडंच टाकत्यात. हातात येतंय."

टाळ्या झाल्या, कारण टाळ्या कुठे वाजवायच्या हे ठरलेलं होतं. त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्त ग्रुपवर आलं. 'कचरावेचक भगिनींनी मांडलेल्या मौलिक सूचनेची नोंद घेण्यात आली. फ्लॅट क्रमांकाचा उल्लेख कामकाजातून वगळण्यात आला. लाल स्केचपेनच्या खरेदीसाठी तीन दरपत्रकं मागवावीत असं ठरलं. पेन दर फ्लॅटला एक द्यावं की दर विंगला एक, यावर मतभेद झाल्याने विषय पुढील वार्षिक सभेकडे सोपवण्यात येत आहे.'